कॉम्प्युटर असा का वागतो? सारखे कानावर येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

ऑफिसमध्ये कोणाचंही सॉफ्टवेअर अडलं की हाक मला येते, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदा बसून सगळी उत्तरं लिहून काढलीत. ज्यांचा दिवस स्क्रीनसमोर जातो पण प्रोग्रामिंगशी काही घेणंदेणं नाही त्यांच्यासाठी हे आहे. उदाहरणं विंडोजची जास्त आहेत, मॅकवाल्यांनी कंट्रोलच्या जागी बहुतेक वेळा कमांड समजावं.

रीस्टार्ट केलं की सगळं सुरळीत कसं काय होतं?

कारण बरेचदा दोष प्रोग्राममध्ये कमी आणि त्याच्या त्या वेळच्या अवस्थेत जास्त असतो. तासन्‌तास चालू असलेला प्रोग्राम मेमरी घेत राहतो, कधी घेतलेली परत करत नाही, एखादं काम प्रिंटरच्या उत्तराची वाट बघत अडकतं आणि त्याच्यामागे बाकीच्यांची रांग लागते. रीस्टार्ट केलं की हे सगळं पुसलं जातं आणि प्रत्येक गोष्ट पहिल्यापासून, ठरलेल्या क्रमाने सुरू होते. त्यामुळे हा उपाय सांगणारा तुम्हाला टाळत नसतो, उपाय खरा आहे.

पण एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. शट डाउन करून परत चालू करणं आणि रीस्टार्ट करणं हे विंडोजमध्ये एकच नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली, आणि ती चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपला गाभा आणि ड्रायव्हरची (म्हणजे प्रिंटर, स्कॅनर असली उपकरणं चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच पुढे चालतं, त्यामुळे मशीन लवकर सुरू होतं खरं पण बिनसलेला ड्रायव्हरही तसाच परत येऊ शकतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने. खात्री करायची असेल तर कंट्रोल+शिफ्ट+एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि खाली 'अप टाइम' बघा, म्हणजे मशीन सलग किती वेळ चालू आहे ते. रोज संध्याकाळी न चुकता शट डाउन करणाऱ्यांच्या मशीनवरही तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसतो, आणि मग चार दिवस न चालणारा स्कॅनर एका रीस्टार्टमध्ये का चालला ते कळतं.

प्रोग्रेस बार ९९ टक्क्यांवरच का अडकतो?

कारण बार मोजतो एक आणि वेळ जातो दुसऱ्यातच. कॉपी करताना समजा तो किती डेटा गेला हे मोजतोय, पण एक मोठी व्हिडिओ फाइल सरसर जाते आणि तेवढ्याच वजनाच्या हजारो छोट्या फाइल्स रखडत जातात, कारण प्रत्येक फाइलसाठी नाव नोंदवा, जागा शोधा, परवानगी तपासा, अँटीव्हायरसने बघून घ्या हे सगळं वेगळं होतं. इन्स्टॉल करताना शेवटच्या एका टक्क्यात सगळ्या नोंदी आणि साफसफाई येते. पेन ड्राइव्हला तर अजून एक गंमत आहे: कधीकधी डेटा आधी मेमरीत घेतला जातो म्हणून बार भराभर पुढे जातो, आणि खरं लिहिणं मागून चालू असतं. म्हणून बार संपला तरी लगेच पेन ड्राइव्ह ओढू नका, 'इजेक्ट' म्हणा आणि निरोप येऊ द्या.

ब्रॅड मायर्स नावाच्या संशोधकाने १९८५ मध्येच दाखवलं होतं की किती काम झालं हे दिसत असेल तर लोकांना ते हवंहवंसं वाटतं. म्हणजे थांबायला माणूस तयार असतो, त्याला फक्त अंधारात ठेवू नये. खरं सांगू का, 'किती वेळ लागेल सांगता येत नाही, पण ३४०० पैकी २१०० फाइल्स झाल्या' असं सरळ लिहिणारं सॉफ्टवेअर मला जास्त प्रामाणिक वाटतं, 'दोन मिनिटं उरली' म्हणत अर्धा तास बसवण्यापेक्षा.

तुमच्या मते सगळ्यात भारी सोय कोणती?

कंट्रोल+झेड. काही विचार न करता सांगेन.

अनडू, म्हणजे केलेलं मागे घेणं, नसतं तर कोणीही नवीन काही करून बघायची हिंमत केली नसती. मेनूत एक अनोळखी बटण दिसतंय, दाबून बघू, नाही आवडलं तर मागे येऊ, हे जे आपण दिवसभर करतो ते फक्त परतीची वाट असल्यामुळे. सॉफ्टवेअर चांगलं की वाईट हे ठरवायला मी हीच एक फूटपट्टी लावते: हे मला मागे येऊ देतं का?

बऱ्याच जणांना वाटतं अनडू फक्त लिहिताना चालतं. फाइल एक्सप्लोररमध्येही चालतं! माउस घसरला आणि अख्खा फोल्डर शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊन पडला, शोधत बसू नका, तिथेच कंट्रोल+झेड दाबा, फोल्डर जागेवर येतो. फाइलचं नाव चुकीचं दिलं तरी तेच. ब्राउझरचा टॅब चुकून बंद झाला तर कंट्रोल+शिफ्ट+टी, आणि दाबत राहिलात तर आधी बंद केलेलेही एकेक करून येतात. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घेता येतो त्यासाठी सेटिंगमध्ये ३० सेकंदांपर्यंतची मुदत ठेवता येते, आजच ठेवा. गेलेला मेल तिथे ओढून आणत नाहीत, तो मुळात त्या मुदतीत सोडलेलाच नसतो. किती साधी युक्ती आहे, आणि किती जणांना वाचवते.

झेड, एक्स, सी, व्ही ही कीबोर्डवर ओळीने शेजारी असलेली बटणं ॲपलच्या १९८३ च्या लिसा कॉम्प्युटरवर अनडू, कट, कॉपी आणि पेस्ट या कामांना दिली गेली. कट, कॉपी, पेस्ट ज्यांनी आकाराला आणलं त्यातलं मुख्य नाव लॅरी टेस्लर, सत्तरच्या दशकात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत. ते २०२० मध्ये गेले. त्यांची कल्पना आजही रोज प्रत्येकाच्या बोटांत आहे.

पेस्ट केलं की दुसरीकडचा फॉन्ट, रंग, साइज सगळं लटांबर सोबत का येतं?

तुम्ही कॉपी करता तेव्हा क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं ठेवायच्या जागेवर, एकच गोष्ट जात नाही, त्याच मजकुराची सजवलेली प्रत आणि साधी प्रत दोन्ही जातात, आणि पेस्ट करणारं ॲप बहुतेक वेळा सजवलेली उचलतं. कंट्रोल+शिफ्ट+व्ही दाबा, नुसता मजकूर येईल. क्रोममध्ये, गूगल डॉक्समध्ये, नव्या वर्डमध्ये चालतं. जिथे चालत नाही तिथे आधी नोटपॅडमध्ये पेस्ट करून परत उचला, जुनाच उपाय आहे पण कधी फसत नाही.

आणि विंडोज+व्ही माहीत नसेल तर आजच चालू करा. २०१८ च्या अपडेटपासून आहे, शेवटच्या २५ कॉपी केलेल्या गोष्टींची यादी समोर येते. इकडून एक नाव कॉपी, तिकडे जाऊन पेस्ट, परत इकडे, हा जो खो-खो चालतो तो बंद होतो, सगळं एकदम कॉपी करा आणि तिकडे जाऊन एकेक निवडा. फक्त पासवर्ड कॉपी केला असेल तर तोही त्या यादीत बसू शकतो, तेवढा पुसून टाका.

एक्सेल माझे आकडे आपल्या मनाने का बदलतं?

हा प्रश्न आला की मी खुर्ची ओढून बसते, कारण यात लोकांचं खरं नुकसान होतं.

एक्सेल प्रत्येक सेलमध्ये काय टाकलंय याचा अंदाज करतं. '३-४' टाकलं की त्याला तारीख वाटते. '००७२१' टाकलं की त्याला संख्या वाटते, आणि संख्येच्या सुरुवातीच्या शून्यांना अर्थ नसतो म्हणून '७२१' उरतं. सोळा आकडी खाते क्रमांक टाकला तर शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल १५ अंकांपर्यंतच नेमकेपणा ठेवतं, आणि हे सगळं एक शब्दही न बोलता होतं. वाईट भाग तोच आहे. एकदा फाइल सेव्ह करून बंद केली की मूळ आकडा काय होता हे सेलला माहीत नसतं, मग नंतर फॉरमॅट बदलून 'टेक्स्ट' केलं तरी तो परत येत नाही. परतीची वाटच नाही.

जनुकशास्त्रज्ञांनाही याने जेरीस आणलं होतं. मार्च१ आणि सेप्ट१ अशी नावं असलेल्या जनुकांच्या एक्सेलमध्ये तारखा व्हायच्या, तर शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलून मार्चएफ१ आणि सेप्टिन१ अशी केली गेली. म्हणजे सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा विज्ञानातली नावं बदलणं सोपं पडलं! मायक्रोसॉफ्टने हे आपोआप बदलणं बंद करायची सोय २०२३ मध्ये दिली, ती ऑप्शन्समध्ये 'डेटा' या भागात मिळते. त्याच २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत, कारण जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ च ओळी मावतात. नव्या पद्धतीत १०,४८,५७६ मावतात.

करायचं काय? आकडे टाकायच्या आधी तो कॉलम निवडून 'टेक्स्ट' करा. आधी. नंतर नाही. एखादाच आकडा असेल तर त्याच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह टाका, तो टाकलात तसाच राहतो. आणि बाहेरून आलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराचा तक्ता) डबल क्लिक करून उघडू नका, 'डेटा' टॅबमधून आत घ्या, तिथे प्रत्येक कॉलमचा प्रकार तुम्हाला ठरवता येतो.

अपडेट नेमकं कामाच्या वेळीच का येतं?

मायक्रोसॉफ्टचे सुरक्षेचे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, ऑक्टोबर २००३ पासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, म्हणजे ते तसे ठरलेले असतात, तुमच्यापर्यंत येईस्तोवर एकदोन दिवस जातात इतकंच. सेटिंगमध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' आहे, त्यात तुमच्या कामाच्या वेळा टाका, त्या वेळात मशीन आपणहून रीस्टार्ट होत नाही.

टाळू मात्र नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातल्या कॉम्प्युटरवरच्या फाइल्सना कुलूप लावून पैसे मागितले, ब्रिटनमधली हॉस्पिटलं अडली, आणि ज्या भोकातून तो शिरला त्याचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. दोन महिने! उलट बाजूही आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष फाइलमुळे साधारण ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली, विमानं रद्द झाली. कंपनीने चुकीची फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली, पण जी मशीन सुरूच होत नव्हती त्यातली कितीतरी माणसांनी हाताने जाऊन दुरुस्त केली.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. सुरक्षेची दुरुस्ती आणि 'आम्ही तुमच्यासाठी नवं रूप आणलंय' हे दोन्ही एकाच पुडक्यात कशाला येतात? पहिलं लगेच घ्यायची सगळ्यांची तयारी असते. दुसऱ्याच्या धास्तीने लोक पहिलंही लांबवतात.

बटणांच्या जागा सारख्या का बदलतात?

नवीन माणसाला सोपं जावं म्हणून, फोनसारखं दिसावं म्हणून, कधी नुसतं नवं वाटावं म्हणून. जुन्या माणसाचा हात मात्र जागेवर जातो आणि तिथे काहीच नसतं, हा त्रास कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही. विंडोज ११ मध्ये राइट क्लिकचा मेनू छोटा केला आणि निम्मी कामं 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आत गेली. शिफ्ट धरून राइट क्लिक करा, थेट पूर्ण मेनू येतो. वर्ड, एक्सेलमध्ये एखादी गोष्ट सापडत नसेल तर ऑल्ट+क्यू दाबून तिचं नाव टाइप करा, ती कुठे लपवलीये याच्याशी मग देणंघेणं उरत नाही.

मराठी टाइप करताना बॅकस्पेस अर्धवटच का पुसतो?

'स्त्री' आपल्याला एक अक्षर दिसतं, कॉम्प्युटरच्या आत ते सहा तुकड्यांचं असतं: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दुसरी वेलांटी. बॅकस्पेस शेवटचा एकच तुकडा पुसतो, म्हणून आधी नुसती वेलांटी जाते. बहुतेक प्रोग्राममध्ये डिलीट बटण पुढचं अख्खं अक्षर एकदम पुसतं. बॅकस्पेसचं हे वागणं मला आवडतं, कारण फक्त वेलांटी चुकली असेल तर तेवढीच बदलता येते, सगळं जोडाक्षर परत बांधावं लागत नाही.

जुन्या फाइल्समध्ये मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते तो प्रकार निराळा आहे. त्या जुन्या फॉन्टमध्ये आत खरोखरच इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसेल तर मुखवटा गळतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ज्याची पहिली आवृत्ती १९९१ ची, 'क' म्हणजे सगळीकडे 'क' च, म्हणून तो शोधता येतो, फोनवर दिसतो, कोणालाही पाठवता येतो. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून काढून घ्या पण नंतर वाचा, आणि पहिली वेलांटी नि रफार नीट बघा, कारण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाकलेली असते आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते, गडबड तिथेच होते.

मशीन नवं आहे, तरी साधं चॅटचं ॲप एवढं जड का?

कारण अशी पुष्कळशी ॲप्स म्हणजे आतून एक अख्खा ब्राउझर असतो. एकदाच लिहा आणि विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालवा, म्हणून कंपन्यांना ते स्वस्त पडतं आणि तुमची मेमरी खर्च होते. निकलाउस विर्थ या संगणकशास्त्रज्ञांनी १९९५ मध्येच लिहून ठेवलं होतं की हार्डवेअर जेवढ्या वेगाने वाढतं त्याहून वेगाने सॉफ्टवेअर मंद होतं. अशा तीन-चार ॲप्सऐवजी तेच सगळं ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडलं तर बरीच मेमरी वाचते. आणि टास्क मॅनेजरमधलं 'स्टार्टअप' बघा, कोणकोण न विचारता सकाळी उठून बसतं ते तिथे दिसतं.

दर महिन्याला पासवर्ड बदलायलाच हवा का?

कारण नसताना नको. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनेच २०१७ मध्ये सांगितलं की ठराविक काळाने बदलायची सक्ती करू नका, पासवर्ड फुटल्याचं दिसलं तर बदलायला लावा. सक्ती केली की लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात, दुसरं काही करत नाहीत. मोठा पासवर्ड ठेवा, प्रत्येक ठिकाणी वेगळा, आणि लक्षात ठेवायचं काम पासवर्ड मॅनेजरवर सोडा, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणाऱ्या आणि आपणहून भरणाऱ्या प्रोग्रामवर.

मॅनेजरचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. तो साइटचा पत्ता जुळला तरच पासवर्ड भरतो. बँकेसारखी हुबेहूब दिसणारी खोटी साइट तुमच्या डोळ्यांना फसवेल, मॅनेजरला पत्त्यातलं एक अक्षर वेगळं असलं तरी कळतं आणि तो भरत नाही. म्हणून एरवी आपोआप भरणारा रकाना एखाद्या दिवशी रिकामा राहिला तर चिडून हाताने टाइप करू नका, आधी पत्ता वाचा.

'सगळं मान्य' मोठ्या रंगीत बटणात आणि 'नको' बारीक करड्या अक्षरात का असतं?

मुद्दाम. हॅरी ब्रिगनल या डिझायनरने २०१० मध्ये असल्या रचनांना 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं. वर्गणी एका क्लिकमध्ये सुरू आणि बंद करायला पाच पानं, हाही त्यातलाच प्रकार. मागे येण्याची वाट असते पण लपवलेली असते, आणि मला हे सरळसरळ बेइमानीचं वाटतं. करडी अक्षरं शोधा आणि तीच दाबा.

फाइल सेव्ह न करता बंद झाली, काही होऊ शकतं का?

वर्डमध्ये असेल तर बरेचदा हो. 'फाइल', मग 'इन्फो', मग 'मॅनेज डॉक्युमेंट', आणि तिथे 'रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स'. वर्ड दर दहा मिनिटांनी एक प्रत बाजूला ठेवत असतं, ही वेळ कमी करता येते. वर दिसणारं ऑटोसेव्हचं बटण मात्र फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंट या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन जागांवर असेल तरच चालतं, फाइल नुसती मशीनवर असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका.

आणि सिंक, म्हणजे तीच फाइल दोन ठिकाणी आपोआप सारखी ठेवणं, म्हणजे बॅकअप नव्हे. इथून उडवलेली फाइल तिकडूनही उडते. महत्त्वाच्या कामाची एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर, जो एरवी काढून ठेवलेला असेल.

फुकटची सॉफ्टवेअर बरी असतात का?

काही तर विकतच्यापेक्षा सरस. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर घ्या, पॅरिसजवळच्या एका कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं काम, २००१ पासून सगळ्यांसाठी खुलं, आणि कुठलीही व्हिडिओ फाइल टाका, जाहिरात नाही, लॉगिन नाही, चालू. 'एव्हरीथिंग' नावाचं छोटं टूल विंडोजवर फाइलचं नाव टाइप करता करताच ती समोर आणतं, कारण ते डिस्कची स्वतःची यादीच वाचतं, एकेक फोल्डर धुंडाळत बसत नाही. पहिल्यांदा वापरणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आणि एनव्हीडीए. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी सुरू केला, पुढे जेम्स तेह सोबत आले, दोघंही अंध. अशी सॉफ्टवेअर महाग होती म्हणून यांनी फुकट बनवलं. ज्याला गरज आहे त्यानेच बनवलं की सॉफ्टवेअर किती वेगळं होतं ते इथे दिसतं.

नोटिफिकेशन?

माणसांकडून येणाऱ्या ठेवा, ॲपकडून येणाऱ्या बंद करा.

मला कॉम्प्युटर जमतच नाही, माझंच काहीतरी चुकतं, नाही का?

नाही हो. हे मला सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि ऐकवत नाही. 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' असा मेसेज देणारं सॉफ्टवेअर चुकतंय, काय चुकलं हे त्याने सांगायला हवं होतं. तुम्ही फॉर्म भरलात, एका रकान्यात गडबड होती आणि पूर्ण पान कोरं झालं, तर ज्याने बनवलं त्याने तुमच्या वीस मिनिटांची किंमत केली नाही. चांगला फॉर्म भरलेलं सगळं जपतो आणि चुकलेल्या रकान्यापाशीच नेऊन उभा करतो. तोपर्यंत मोठं उत्तर आधी दुसरीकडे लिहा आणि मग फॉर्ममध्ये पेस्ट करा.

तक्रार पाठवून काही उपयोग होतो का?

होतो, विशेषतः छोट्या टूल्सच्या बाबतीत, ज्यांच्यामागे कधीकधी एकदोनच माणसं असतात आणि ती मेल खरंच वाचतात. 'चालत नाही' एवढंच लिहू नका. काय करत होतात, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि व्हर्जन कोणतं, जे बहुधा 'अबाउट'मध्ये मिळतं. दर वेळी होतं की कधीतरी, हेही सांगा, शोधणाऱ्याला त्याची सगळ्यात जास्त मदत होते. एखादी सोय आवडली असेल तर तीही नाव घेऊन कळवा, कारण कोणी वापरतच नाही असं वाटून चांगल्या सोयी काढल्या जातात. विंडोज+शिफ्ट+एस ने हवा तेवढाच स्क्रीनशॉट घेता येतो, तो जोडा, फक्त पाठवण्याआधी त्यात तुमचा मेल आयडी किंवा कोणाचे खाते क्रमांक दिसत नाहीत ना ते बघून घ्या.